फुकटचा मंडप

केरबा ढवळ्याच्या सुनेची सावली सकाळच्या उन्हात गेली.

कस्तुरा मारुतीच्या देवळामागं खिरीच्या काहिलीपाशी उभी होती. हातात लांब दांड्याचा डाव, डोक्यावर पदर, आणि पायाखाली नुसती जमीन. शेजारच्या बादलीची सावली होती, लाकडांच्या ढिगाची होती, बसलेल्या कुत्र्याचीही होती. कस्तुराची नव्हती. तिनं एकदा उजवीकडं पाहिलं, एकदा डावीकडं पाहिलं, आणि पुन्हा ढवळायला लागली, कारण हात थांबला असता तर खीर बुडाला लागली असती.

"मामंजी," ती सासऱ्याला म्हणाली, "मंडपात माझ्याबद्दल काय चाललंय का बघून येता?"

केरबाच्या गळ्यात वीणा होती. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येऊन हात पुढं करतो, दोघं एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्यानं हात पुढं केला त्याची वीणा, आणि ती सांभाळायची जबाबदारीही त्याचीच. केरबाचा पहारा केव्हाच संपला होता. पुढच्या पहाऱ्याचा यशवंता मंडपात शिरलेला दिसतही होता. पण मंडप आपोआप लांबतच होता, त्यामुळं यशवंता नुसता येतच होता. मधूनच तो लांबून हात हलवायचा. केरबाही हलवायचा.

मंडप यंदा फुकट आला होता. दरवर्षी पटांगणात ठिगळांचा मंडप पडायचा, आणि पावसाची सर आली की नेमका बुवांच्या डोक्यावर गळायचा. यंदा कंपनीचा माणूस आला. म्हणाला, मंडप आमचा, गादी आमची, टाळकरी आमचे. तुम्ही फक्त या. गावानं विचारलं, भाडं किती? तो म्हणाला, छे, भाडं कसलं. गावाला वाटलं, ह्याला मारुतीरायानंच धाडलं.

आणि खोटं कशाला बोला, सुरुवात तशीच झाली. मंडपाचं कापड पांढरंशुभ्र, वीण दिसू नये इतकं बारीक. कीर्तनाच्या गादीवर उभं राहून कुणी बोललं की ते शब्द कापड धरायचं, आणि ज्या ज्या घरावर कापड पसरलं होतं त्या त्या घरात ते ऐकू जायचे. केरबाची थोरली बहीण लांबच्या गावी अंथरुणाला खिळली होती, आणि कापड पसरत पसरत तिच्याही घरावर पोचलं होतं. तिनं पडल्या पडल्या भावाची वीणा ऐकली आणि सांगावा धाडला की, बाबा, तार जरा उतरलीय. म्हाताऱ्या हौसाबाईनं गादीवर चढून सांगितलं की आमच्या गल्लीला पाणी येत नाही. टाळकऱ्यांनी तिचं बोलणं उचललं, सगळ्या मुलखात घुमवलं, आणि दुसऱ्या दिवशी नळ धो धो वाहिला. केरबानं तेव्हा मंडपाच्या खांबाला हात लावून नमस्कार केला होता. खांब कोमट होता.

फक्त टाळकरी वेगळे होते. गावचे टाळकरी बुवांनी सोडलेली ओळ उचलतात. बुवा अर्ध्यावर थांबतात, मागून सगळे गळे ती पुरी करतात, आणि त्या क्षणी ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्याला कुणीतरी काखेत हात घालून उचललं. केरबाचं सगळं आयुष्य त्या एका क्षणापायी गेलं होतं. घरचं दुःख असो, शेताचं असो, तो तिथं येऊन उचलला जायचा आणि घरी जाऊन भाकरी खायचा. कंपनीचे टाळकरी बुवांकडं बघतच नव्हते. ते लोकांच्या मानांकडं बघायचे. ज्या बोलण्याला माना वळल्या ते बोलणं ते उचलायचे. जितक्या माना जास्त, तितकं जास्त वेळ धरायचे. बुवा बिचारे मागं वळून वळून पाहत राहिले. मग त्यांनी उपरणं झटकलं, गादीला नमस्कार केला आणि मोटारीत बसून निघून गेले.

गादी मात्र रिकामी राहिली नाही. जो चढेल त्याच्या कपाळाला बुक्का लागत होता, गळ्यात हार पडत होता, आणि खालची माणसं रांगेनं येऊन पायांवर डोकं ठेवत होती.

केरबा आत शिरला तेव्हा टाळकरी एकच ओळ म्हणत होते. चाल सुरेख होती. पाय आपोआप ठेका धरत होते.

ज्या हातानं ढवळलं, त्याच हातानं कालवलं.

केरबानं पुढं बसलेल्या एकाच्या खांद्याला हात लावला.

"कुणाबद्दल चाललंय, पाव्हणं?"

"कस्तुराबद्दल."

"काय केलं तिनं?"

"कालवलं."

"काय कालवलं?"

माणूस जरा विचारात पडला. "ते अजून ओळीत आलं न्हाई," तो म्हणाला, आणि डोलायला लागला.

आदल्या दिवशी पोरं उन्हातान्हात हुंदडली होती. वर तुडुंब खीर खाल्ली, आणि चौघांना उलट्या झाल्या. त्यातला एक शिदू चौगुल्याचा नातू. शिदू केरबाचा शेजारी, आणि गावच्या टाळकऱ्यांतला सगळ्यात जुना. कंपनीचे टाळकरी आल्यापासून तो आपले पितळी टाळ मांडीवर घेऊन एका खांबाला टेकून बसलेला असायचा. केरबा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. शिदूनं मान वर केली नाही.

"तू चढला होतास गादीवर?"

"चढलो होतो," शिदू म्हणाला. "पोरगं डोळं पांढरं करत होतं, केरबा. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, खीर कस्तुराच्या हातची होती."

"होतीच की."

"मग. तेवढंच म्हटलं मी. म्हटलं, पुढचं तुमचं तुम्ही समजा. तर मागनं कोणतरी बोललं, काहीतरी कालवलं असंल. दोन माणसांची दोन बोलणी. त्यांची ओळ केली ती ह्या टाळकऱ्यांनी. मी आयुष्यभर टाळ कुटला, मला एवढी बेस कधी जुळवता आली न्हाई."

"पोरगं कसं हाय?"

"बरं हाय," शिदू म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला. "भाकरी मागतंय."

केरबा घरी गेला. घर आता मंडपातच होतं. कौलांच्या जागी कापड आलं होतं, आणि चुलीपाशी, देव्हाऱ्यापाशी, गोठ्यात, जिथं उभं राहावं तिथं ओळ ऐकू येत होती. म्हैस ओळीच्या ठेक्यावर रवंथ करत होती. कस्तुरा देव्हाऱ्यापुढं दिवा लावत होती. तिनं केरबाकडं वळून काहीतरी विचारलं. ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग तिनं वाटी उचलून ताटलीवर आपटली, आणि तो आवाज आला, तेव्हा दोघांनाही कळलं की नेमकं काय गेलं ते.

दारात दोन बायका उभ्या होत्या. रोज कस्तुराबरोबर धुण्याला जाणाऱ्या. त्यांनी आत वाकून पाहिलं.

"इथंच राहती ती?" एकीनं केरबाला विचारलं.

"अगं, तुझ्याम्होरं उभी हाय."

"आम्हाला न्हाई दिसत," दुसरी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "नुसतं ओळखीचं लुगडं दिसतंय."

कंपनीचे साहेब मंडपाच्या तोंडाशी टेबल मांडून बसत. मंडप कितीही लांबला तरी टेबल जवळच असायचं. दोन पावलं टाकली की आलंच. साहेबांचा सदरा पांढरा, बाह्या लांब, बोटांच्याही पुढं जाणाऱ्या. पुढ्यात चहाचा कप होता, आणि चहावर साय धरली होती.

"या आजोबा, बसा. चहा घ्या."

"वीणा गळ्यात हाय. बसता येत न्हाई."

"मग उभ्यानं घ्या."

"ओळ थांबवा," केरबा म्हणाला.

"कोणती?"

केरबाच्या तोंडून ती निघेना. पण निघायची गरज पडली नाही. वरून कापडातून ती आपोआपच आली. साहेबांनी मान तिरपी करून ती शेवटपर्यंत ऐकली.

"ही होय. छान चाललीय."

"खोटी हाय."

"असेल. बोललं कोण?"

"शिदू चौगुले. अर्धी."

"मग शिदूला धरा. उरलेली अर्धी ज्याची असेल त्याला धरा. मंडप काय करणार, आजोबा? कापड आहे ते. वाऱ्यावर कुणाची बदनामी झाली तर तुम्ही वाऱ्याला धराल का?"

"वाऱ्याला टाळकरी नसत्यात," केरबा म्हणाला.

साहेब हसले. हसणं खरंच गोड होतं. "हे बघा, आज मी तुमच्या सुनेची ओळ थांबवली, तर उद्या सरपंच येतील आणि म्हणतील हौसाबाईच्या पाण्याची थांबवा. परवा आणखी कोणी येईल. मी कुणाकुणाच्या तोंडावर हात ठेवू? गादीवर कुणी काय बोलावं हे मी ठरवलेलं तुम्हाला तरी आवडेल का?"

केरबानं विचार केला. नसतं आवडलं. साहेबांचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. तो आला तसा परत फिरला.

वाटेत त्याला गादीवर शिदू उभा दिसला.

शिदूच्या कपाळाला बुक्का लागला होता. गळ्यात ताजा हार. त्यानं दोन्ही हात जोडले. "मायबाप," तो म्हणाला, "मी बोललो ते सोडून द्या. पोराला ऊन लागलं होतं. पोरगं चांगलं हाय, आज भाकरी खाल्ली त्यानं. कस्तुरानं काय केलं न्हाई. ती मला लेकीसारखी हाय."

एकही मान वळली नाही. पुढच्या रांगेतल्या माणसानं जांभई दिली. कंपनीचे टाळकरी वळलेल्या माना शोधत होते. त्या दिसल्या नाहीत, म्हणून त्यांनी जुनीच ओळ चालू ठेवली. शिदूनं आपले पितळी टाळ काढले आणि स्वतःच म्हणायला लागला. कस्तुरानं काय केलं न्हाई, कस्तुरानं काय केलं न्हाई. टाळ एकमेकांवर आपटत होते, पण कापडानं तो नाद धरला नाही, त्यामुळं तो झालाच नाही. केरबानं पुढं होऊन साथ द्यायला तोंड उघडलं. त्याचंही तसंच झालं. दोन म्हातारी माणसं तोंडं उघडून उभी आहेत, एवढंच दिसत होतं.

शेवटी शिदूचं अवसान सुटलं. तो गादीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

तेव्हा माना वळल्या.

"रडतोय का तो?" कुणीतरी विचारलं.

"कुणी रडवलं?"

"कस्तुरानं, दुसरं कोण."

टाळकऱ्यांनी श्वास घेतला, हात वर नेले आणि नवी ओळ उचलली. तिची चाल पहिलीपेक्षाही गोड होती. मंडप एवढा लांबला की केरबाला त्याचं तोंड दिसेना.

तो धावत काहिलीकडं गेला. सत्तरीचा माणूस, गळ्यात वीणा, धावणं म्हणजे काय, पण धावला. काहिलीखाली जाळ होता. खीर रटरटत होती. लांब दांड्याचा डाव गोल फिरत होता आणि त्याला दोन हात धरून होते. हिरव्या बांगड्या, उजव्या मनगटावर काहिलीनं भाजल्याचा जुना डाग. मनगटाच्या मागं काही नव्हतं. लुगडं नव्हतं, तोंड नव्हतं, पाय नव्हते. हात तेवढे राहिले होते, कारण ओळीला हात लागत होते.

"कस्तुरा," केरबा म्हणाला.

हातांनी डाव काठाला टेकवला. एक हात पुढं आला आणि त्यानं केरबाच्या खांद्यावरून घसरलेला वीणेचा पट्टा सारखा केला. तिचा नवरा, केरबाचा लेक, वारल्यापासून घरात रोज सकाळी कस्तुराच त्याच्या अंगावरचं उपरणं असं सारखं करायची. मग हात परत गेला आणि ढवळायला लागला.

केरबा दोन पावलं चालला. टेबल आलं.

"या आजोबा. चहा घ्या."

"गादीवर चढणाऱ्याला बुक्का कोण लावतं?" केरबानं विचारलं.

"आम्ही."

"हार?"

"आमचाच."

"आणि माणसं पाया कुणाच्या पडत्यात?"

"जो उभा असेल त्याच्या."

"शिदूच्या पाया त्याची सूनसुद्धा पडत न्हाई," केरबा म्हणाला. "शिदू घरात हे बोलला असता तर बायकोनं गप जेव म्हटलं असतं, आणि तो जेवला असता. गादीवरनं बोलला म्हणून ते खरं झालं. आमच्यात बारकं पोर गादीवर उभं राहिलं तरी आम्ही त्याच्या पाया पडतो. पोराच्या न्हाई, जागेच्या पडतो. जागा जर नमस्कार घेती, तर शापबी जागेनंच घ्यायला पायजे."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नमस्कार आम्ही घेत नाही, आजोबा. तो कापडात साठतो."

"कशाला साठवता?"

"मंडप त्यावरच वाढतो. नाहीतर फुकट कसा परवडेल?"

केरबाला खांबाचा कोमटपणा आठवला. तळहातावर तो अजून होता. त्यानं हात धोतराला पुसला.

"बरं, काला कधी हाय?" त्यानं विचारलं.

हा त्याचा शेवटचा आधार होता. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं. हंडी फुटते, दही-लाह्या एकत्र होतात, जो तो शेजाऱ्याच्या तोंडात घास घालतो. सप्ताहात कोण कुणाला काय बोललं ते त्या घासाबरोबर पोटात जातं. भांडलेली माणसं गळ्यात पडतात. मग दोर सोडले जातात, मंडप उतरतो, आणि वर बघावं तर आभाळ असतं. काला झाला की ओळ आपोआप संपणार होती. तोवर कस्तुराचे हात तरी राहावेत, एवढंच त्याचं मागणं होतं.

"काला?" साहेब म्हणाले. "काला आमच्या मंडपात नसतो."

"मग सप्ताह संपतो कसा?"

"संपायला कुणी सांगितलं?"

वरून ओळ आली. ती संपून पुन्हा आली. लांबवर यशवंतानं हात हलवला. तो मघापेक्षा लहान दिसत होता.

केरबानं डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतलं. मग वीणा गळ्यातून काढली. पट्टा मानेवर रुतला होता तिथं गार वाटलं. त्यानं वीणा दोन्ही हातांवर आडवी धरली आणि टेबलाच्या पलीकडं केली.

"घ्या," तो म्हणाला. "पहारा तुमचा."

"मला वाजवता येत नाही."

"वाजवायची न्हाई. धरायची. खाली पडू द्यायची न्हाई. एवढंच काम हाय."

साहेबांनी वीणेकडं पाहिलं. मग त्यांनी बाह्या पुढं केल्या. शुभ्र, कडक इस्त्रीच्या, लांब बाह्या. त्यांतून काही बाहेर आलं नाही. त्या टेबलावर पडल्या, चहाच्या कपाच्या दोन्ही बाजूंना, आणि तिथंच सपाट झाल्या.

"बघा," साहेब म्हणाले. "असते तर घेतली असती."

केरबाचे दंड भरून आले. एकदा गळ्यातून उतरवलेली वीणा त्याच गळ्यात परत जात नाही. वीणा इंचाइंचानं खाली यायला लागली. त्यानं गुडघे वाकवले, कोपरं पोटाला टेकवली, दात आवळले. वीणेचा भोपळा जमिनीपासून वीतभर राहिला. मग चार बोटं राहिला.

खालून दोन हात आले. हिरव्या बांगड्या, मनगटावर भाजल्याचा डाग, बोटांना खिरीचा गूळ. त्यांनी वीणा धरली, वर उचलली, छातीपाशी असावी तितक्या उंचीवर नेली आणि तिथं घट्ट धरून ठेवली. तारेवर एक बोट फिरलं. तार अजून उतरलेलीच होती.

घेणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय वीणा दिली असं होत नाही. केरबा वाकला. त्यानं कपाळ खाली नेलं, तर तिथं पाय नव्हते, जमिनीच्या जागीही आता कापड होतं. कोमट. त्यानं हातानं चाचपून पाहिलं. थोडा पुढं सरकला, पुन्हा चाचपलं.

मागचे टाळ थांबले. जिथवर कापड पसरलं होतं तिथवर, एकेक करून, सगळ्या माना केरबाकडं वळल्या.